आउटबोर्ड इंजिन वर-खाली होतंय, ताकद देत नाही: आधी काय बघायचं, मग काय उघडायचं

थ्रॉटल एका जागी धरलाय, पाणी शांत आहे, तरी इंजिनचा आवाज आपोआप वर जातो, खाली येतो, परत वर जातो, दम लागल्यासारखा. किंवा जेटीवरून निघताना सगळं झकास असतं आणि फुल थ्रॉटल दिला की मिनिटभरात इंजिन मरगळतं, थ्रॉटल कमी केला की परत सुधारतं. मालवण, देवबाग, तारकर्लीपासून हर्णै, मुरूड, अलिबागपर्यंत फायबरच्या होडीवर आउटबोर्ड (होडीच्या मागे बाहेरून लावायचं इंजिन) लावून मासेमारी करणाऱ्या नाहीतर टुरिस्ट फिरवणाऱ्या प्रत्येकाला हा त्रास कधी ना कधी होतोच. आणि झाला की लगेच कार्बोरेटर, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनला देणारा भाग, उघडला जातो. माझं कळकळीचं सांगणं एवढंच आहे की कार्बोरेटरला आधी हात लावू नका. टाकीपासून सुरुवात करा, पेट्रोल ज्या रस्त्याने जातं त्याच रस्त्याने इंजिनकडे या, आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. फिल्टर, प्लग, पाइप सगळं एकदम बदललं आणि इंजिन सुधारलं तर नेमकं काय बिघडलं होतं ते कधीच कळत नाही आणि पुढच्या महिन्यात तेच परत होतं.

खालचं सगळं मुख्यतः ८ ते ४० हॉर्सपॉवरच्या पेट्रोल आउटबोर्डसाठी आहे, टू-स्ट्रोक आणि कार्बोरेटरवाले छोटे फोर-स्ट्रोक. ईएफआय इंजिनचं, म्हणजे कार्बोरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल फवारणाऱ्याचं, थोडं वेगळं असतं, ते पुढे सांगतो.

पाण्यावर असताना हे झालं तर

तपासणी नंतर, आधी बोट सांभाळायची. लाइफ जॅकेट सगळ्यांच्या अंगात, नांगर दोरीसकट हाताशी, बोटीचं तोंड लाटांकडे. वारा आणि ओहोटी तुम्हाला कुठे नेतेय ते बघा, खडकाकडे किंवा फुटणाऱ्या लाटांकडे नेत असेल तर इंजिन बरं करत बसू नका, आधी नांगर टाका. खाडीच्या तोंडाशी तर अजिबात धोका घ्यायचा नाही. देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते तिथे वाळूचा पट्टा आणि फुटणाऱ्या लाटा असतात, अशा जागी ऐन लाटेत इंजिनने मान टाकली की बोट आडवी होते आणि मग पुढचं आपल्या हातात राहत नाही. इंजिन एकदा जरी वर-खाली झालं असेल तर त्या दिवशी तोंड पार करायचं नाही, टुरिस्ट नाराज झाले तरी चालतील. मदत लागली तर जवळच्या बोटींना हाक द्या, व्हीएचएफ रेडिओ असेल तर चॅनल १६, फोनला रेंज असेल तर कोस्ट गार्डचा १५५४.

टू-स्ट्रोकवाल्यांसाठी आणखी एक गोष्ट आणि ही मनावर घ्या. टू-स्ट्रोकमध्ये ऑइल पेट्रोलसोबतच आत जातं. पेट्रोल कमी पडून इंजिन वर-खाली होत असेल तर ऑइलसुद्धा कमीच पोचतंय, म्हणजे तसंच दामटून घरी आणलं तर पिस्टन जाम होऊ शकतो. कमी पेट्रोलवर फुल थ्रॉटल मारणं हा इंजिन सीज करायचा सगळ्यात सोपा मार्ग आहे. यायचंच असेल तर अगदी हळू या, नाहीतर टो करून घ्या.

लक्षण नीट बघा, अर्धं काम तिथेच होतं

इंजिन नेमकं कसं वागतंय हे शांतपणे बघायला कोणी थांबत नाही, पण सगळ्यात जास्त माहिती तिथेच मिळते.

हळूहळू मरगळत बंद पडतं, थोडं थांबून परत चालू केलं की पुन्हा पाच मिनिटं मस्त चालतं: ९० टक्के वेळा पेट्रोल पुरेसं पोचत नाहीये असंच मी धरून चालतो. कार्बोरेटरचा बाऊल (पेट्रोल साठवणारी छोटी वाटी) भरलेला असतो तोवर इंजिन चालतं, रिकामा झाला की मरतं, थांबलात की परत हळूहळू भरतो.

स्विच बंद केल्यासारखं एकदम कट होतं आणि परत एकदम चालू होतं: हे पेट्रोलचं लक्षण नाही, करंटचं आहे. पेट्रोल असं झटक्यात संपत नाही. किल स्विचची लाल दोरी (ती सुटली की इंजिन बंद होतं), वायरिंगचे कनेक्टर, प्लगला करंट देणारी कॉइल, तिकडे बघायचं.

आरपीएम वर चढतो, आवाज मोठा होतो, पण बोट पळत नाही: इंजिन ठीक आहे, पंखा पाणी पकडत नाहीये नाहीतर पंख्याचा रबर बुश सरकतोय. अशा वेळी लोक कार्बोरेटर साफ करत बसतात, त्याचा इथे काडीचा संबंध नाही.

बझर वाजतो आणि आरपीएम २०००-३००० च्या वर जातच नाही: इंजिन गरम झालंय किंवा फोर-स्ट्रोक असेल तर ऑइल प्रेशर कमी आहे, म्हणून इंजिनने स्वतःला वाचवायला ताकद कमी केलीय. बझरची वायर तोडणारे लोक मी बघितलेत. कृपा करून तसं करू नका.

ताकद कायमच कमी, इंजिन थरथरतं, आवाज फाटका येतो: एक सिलिंडर काम करत नाहीये.

आता हे डोक्यात ठेवून पेट्रोलकडे येऊ, कारण वर-खाली होण्याची तक्रार बहुतेक वेळा तिथलीच असते.

सगळ्यात उपयोगी टेस्ट, फुकटची

टाकी आणि इंजिनच्या मधल्या पाइपाला तो रबरी बल्ब असतो ना, त्याच्यावरच अर्धं निदान होतं. दोन माणसं बोटीत घ्या, उघड्या पाण्यात जा, शक्यतो दुसरी बोट जवळ असू द्या. इंजिन वर-खाली व्हायला लागलं की दुसऱ्या माणसाने बल्ब दाबत राहायचा. दाबल्यावर इंजिन लगेच सावरलं आणि दाबणं थांबवल्यावर परत मरगळलं, तर कार्बोरेटरपर्यंत पेट्रोल पोचत नाहीये हे नक्की. म्हणजे दोष टाकीत आहे, पाइपात आहे, फिल्टरमध्ये आहे किंवा इंजिनच्या फ्युएल पंपात आहे. दाबून काहीच फरक पडला नाही तर कार्बोरेटरच्या आत किंवा करंटमध्ये बघायचं.

बल्ब हाताला कसा लागतो तेही बघा. चपटा होऊन आत ओढला गेला असेल तर टाकीच्या बाजूला काहीतरी अडलंय, इंजिन खेचतंय पण मागून येत नाही. कितीही दाबला तरी कडक होतच नसेल तर कुठून तरी हवा खेचतोय किंवा बल्बच्या आतला व्हॉल्व्ह गेलाय. दगडासारखा कडक आहे आणि तरी इंजिन मरतंय तर अडथळा पुढे आहे, इंजिनच्या बाजूला. पण एक लक्षात घ्या, चालू इंजिनमध्ये बल्ब थोडा मऊ होणं नॉर्मल आहे, पंप पेट्रोल खेचत असतो म्हणून. त्यामुळे नुसता मऊ लागला म्हणून नवीन बल्ब आणायला पळू नका. आणि नवीन लावलातच तर बल्बवरचा बाण इंजिनकडे पाहिजे. पेट्रोल चढवताना बाण वरच्या दिशेला धरून दाबायचा, आतले व्हॉल्व्ह तसे नीट बसतात.

दुसरी टेस्ट म्हणजे शेजाऱ्याची चांगली चालणारी टाकी मागून घ्या, तिच्या पाइप आणि बल्बसकट, पण टू-स्ट्रोक असेल तर त्यात तुमच्या इंजिनला चालणारं ऑइल मिक्स आहे याची खात्री करून. ती जोडून तेवढंच अंतर, तेवढ्याच थ्रॉटलवर चालवा. त्रास गेला? मग इंजिनला हातही लावायचा नाही, दोष तुमच्या टाकीत नाहीतर पाइपात आहे. तसाच राहिला तर इंजिनकडे वळा. या एका टेस्टने मेकॅनिकचा अख्खा दिवस वाचतो, म्हणजे तुमचे पैसे वाचतात.

टाकी

झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडा आहे का बघा. हसण्यासारखी गोष्ट नाही, खरंच हेच असतं कितीतरी वेळा. स्क्रू बंद राहिला की पेट्रोल जाईल तशी टाकीत पोकळी होते आणि पेट्रोल यायचं थांबतं. झाकण सैल केल्यावर हवा आत ओढल्याचा आवाज आला आणि इंजिन सावरलं तर हाच दोष. स्क्रू उघडा असूनही मिठाने नाहीतर घाणीने भोक बुजलेलं असू शकतं. बोटीतच बसवलेली मोठी टाकी असेल तर तिची व्हेंटची नळी बाहेर जिथे निघते तिथे बघा, जाळीवर मीठ साचलेलं असतं किंवा कीटकाने मातीचं घर केलेलं असतं, विशेषतः बोट पावसाळाभर उलटी-सुलटी ठेवलेली असेल तर. अशा टाकीच्या तोंडाशी बऱ्याचदा अँटी-सायफन व्हॉल्व्हसुद्धा (पेट्रोल आपोआप वाहून जाऊ न देणारा) असतो, त्यात कचरा अडकला की फुल थ्रॉटलला पेट्रोल कमी पडतं.

मग टाकीच्या आतली नळी. तिच्या टोकाला जाळी असते, तिच्यावर शेवाळासारखा चिकट थर नाहीतर गंज बसतो. नळीला बारीक चीर असेल तर आणखी गंमत, म्हणजे टाकी भरलेली असताना इंजिन व्यवस्थित चालतं आणि अर्धी झाली की हवा ओढायला लागतं. "अर्धी टाकी संपली की त्रास सुरू होतो" असं कोणी सांगितलं की मी आधी तीच नळी बघतो.

आता पेट्रोलचं. पंपावर हल्ली ई-२० मिळतं, म्हणजे २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल. इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं आणि आपल्या किनाऱ्यावर ओलीला तोटा नाही. पाणी एका मर्यादेपलीकडे गेलं की इथेनॉल आणि पाणी दोन्ही मिळून पेट्रोलपासून वेगळं होतात आणि तळाला बसतात, आणि टाकीतली नळी नेमकी तळातूनच ओढते. टू-स्ट्रोकला हे जास्त घातक, कारण ऑइल वरच्या पेट्रोलमध्ये राहतं, म्हणजे इंजिनला तळातलं बिनऑइलचं पाणी-अल्कोहोल मिळतं. हे हलवून परत मिसळत नाही, वर ताजं पेट्रोल ओतूनही बरं होत नाही. अख्खी टाकी रिकामी करून, पुसून, ताजं पेट्रोल भरायचं.

ओळखायचं कसं: टाकीच्या अगदी तळातलं थोडं पेट्रोल काचेच्या स्वच्छ बाटलीत घ्या आणि १५-२० मिनिटं न हलवता ठेवा. खाली वेगळा थर दिसला, किंवा पेट्रोल ढगाळ दिसलं, तर ते वापरायचं नाही. जुनं झालेलं पेट्रोल वासावरून कळतं, वार्निशसारखा आंबट वास येतो. खराब पेट्रोल खाडीत ओतू नका, त्याच पाण्यात आपण कालवं काढतो.

पंपावरून कॅनमधून आणताना नरसाळ्याला बारीक जाळी लावा, आणि सुटी टाकी भरताना बोटीतून खाली, जमिनीवर ठेवून भरा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, बोटीच्या तळात साचून राहते, एक ठिणगी पुरते. हे सगळं काम करताना विडी-सिगारेट लांब, मोबाइलची बॅटरी-चार्जर लांब, आणि हवा खेळती.

पाइप आणि कनेक्टर, इथे जास्त वेळ द्या

मला विचाराल तर सगळ्यात जास्त फसवणारा भाग हाच. कारण असं की टाकीपासून पंपापर्यंत पेट्रोल खेचलं जातं, ढकललं जात नाही. त्यामुळे सांध्यात फट असेल तर पेट्रोल बाहेर गळत नाही, हवा आत जाते. तुम्ही हात फिरवून बघता, कोरडं लागतं, म्हणता पाइप ठीक आहे. आणि इंजिन मात्र हवा-पेट्रोल-हवा असं खातंय, म्हणून वर-खाली होतंय.

हवा जातेय का ते बघायला इंजिनच्या आधी हातभर पारदर्शक पाइप तात्पुरता जोडा आणि इंजिन चालवून बघा. एखादा बुडबुडा सुरुवातीला दिसला तर चालतो, पण सतत बुडबुड्यांची माळ येत असेल तर मागे कुठेतरी हवा शिरतेय. मग एकेक सांधा पुढे-मागे करत शोधायचं. टेस्ट झाली की तो पारदर्शक पाइप काढून टाका, साधा पीव्हीसी पाइप पेट्रोलने कडक होतो, उन्हात तडकतो, कायमचा लावायची वस्तू नाही ती.

कनेक्टरच्या आतली छोटी ओ-रिंग बघा, चपटी झालेली, फुगलेली किंवा तुटलेली असते. रुपये फार लागत नाहीत, पण अख्खा सीझन ती छळते. इंजिन एका कंपनीचं आणि कनेक्टर दुसऱ्या कंपनीचा, दाबून-ठोकून बसवलेला, असंही सर्रास दिसतं, तो कधीच नीट सील होत नाही. सांध्यांना तार गुंडाळलेली किंवा झिप टाय लावलेली असेल तर काढून स्टेनलेसचे क्लॅम्प लावा.

आणि पाइपाच्या आतलं अस्तर. जुना रबर पाइप इथेनॉलमुळे आतून सुटतो, बाहेरून नव्यासारखा दिसतो. आतला पातळ थर सुटून लोंबायला लागला की पेट्रोलच्या ओढीने तोच थर भोकावर जाऊन बसतो, इंजिन मरतं, ओढ थांबली की थर बाजूला होतो, इंजिन परत चालू. तारकर्लीच्या बाजूला एका ओळखीच्या बोटवाल्यांचं इंजिन असंच करत होतं, कार्बोरेटर उघडून झाला, कॉइल नवीन आणली, फ्युएल पंपाची किट बदलली, आणि शेवटी पाइप कापून बघितला तर आत अस्तर सुटून सुरळी झालेली. पाइपाच्या किमतीच्या कितीतरी पट पैसे बाकीच्या गोष्टींवर गेले होते. पाइप चार-पाच वर्षं जुना असेल, दाबल्यावर खूप मऊ किंवा खूप कडक लागत असेल, काळपट चिकट हात लागत असेल, तर विचार करत बसू नका, इथेनॉल चालणारा चांगला फ्युएल होज आणा आणि बल्बसकट बदला. आतला व्यास जुन्यापेक्षा बारीक घेऊ नका, या साइजच्या इंजिनांना साधारण ८ ते १० मिलिमीटर असतो. आणि पाइप पायाखाली, टाकीखाली, जाळ्याच्या ढिगाखाली दबत नाहीये ना तेही बघा.

फिल्टर आणि पंप

इंजिनच्या कव्हरखाली छोटा पारदर्शक फिल्टर असतो. त्यात पाणी दिसतंय का, लाल गंज आहे का, बघा आणि साफ करा. टुरिस्टचा रोजचा धंदा असेल तर टाकी आणि इंजिनच्या मध्ये पाणी वेगळं करणारा १० मायक्रॉनचा फिल्टर लावून घ्या, एकदाच खर्च होतो आणि सीझनला एक एलिमेंट. असला फिल्टर लावल्यावर त्याच्या सांध्यातूनही हवा शिरू शकते हे विसरू नका, सांधा जेवढा वाढेल तेवढी शंका वाढते.

फ्युएल पंपात रबरी डायफ्राम, म्हणजे पातळ पडदा, असतो. टू-स्ट्रोकमध्ये तो क्रँककेसच्या दाबाच्या ठोक्यांवर चालतो. फाटला तर पेट्रोल कमी पोचतं आणि वर ते ठोक्याच्या भोकातून थेट एका सिलिंडरच्या क्रँककेसमध्ये जातं, म्हणून एकच प्लग ओला-काळा येतो. छोट्या फोर-स्ट्रोकमध्ये पंप कॅमवर चालतो, तिथे डायफ्राम फाटला तर पेट्रोल इंजिन ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिक काढा, ऑइलची पातळी वाढलेली दिसतेय आणि पेट्रोलचा वास येतोय तर इंजिन तिथेच बंद ठेवा, पातळ झालेल्या ऑइलवर चालवलं तर बेअरिंग जातील. पंप किट लावताना पॅकिंग उलटं बसणार नाही एवढी काळजी घ्या, उघडण्याआधी मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

आता कार्बोरेटर

इथपर्यंत सगळं ठीक निघालं तरच. आणि तेव्हाही लगेच खोलायचा नाही. बाऊलच्या खाली ड्रेन स्क्रू असतो, तो सैल करून आतलं पेट्रोल काचेच्या बाटलीत घ्या. पाण्याचे थेंब, पांढरी भुकटी, तपकिरी चिकट गाळ, जे असेल ते तिथे दिसेल. नुसतं पाणी असेल तर दोन-तीन वेळा बल्ब दाबून, ड्रेन करून स्वच्छ होतं, खोलायची गरजही पडत नाही.

आणखी एक युक्ती: वर-खाली होताना चोक अगदी किंचित ओढा. इंजिन सुधारलं तर पेट्रोल कमी आणि हवा जास्त मिळतेय. आणखी बिघडलं, काळा धूर आला, तर उलट, पेट्रोल जास्त होतंय, मग बाऊलमध्ये येणारं पेट्रोल थांबवणारी नीडल गळतेय का, ती उघड-बंद करणारा फ्लोट बुडालाय का, चोक अर्धा अडकलाय का बघायचं.

स्लोवर आणि कमी स्पीडला वर-खाली होत असेल तर पायलट जेट, फुल थ्रॉटलला दम तुटत असेल तर मेन जेट, असा ढोबळ हिशोब. जेट म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारं बारीक भोक. जेटमध्ये तार घालू नका. भोक केसभर मोठं झालं तरी मिक्श्चर बिघडतं आणि ते परत दुरुस्त होत नाही, जेट नवाच लागतो. कार्ब क्लीनरचा स्प्रे, थोडा वेळ भिजवणं आणि हवेचा दाब, एवढंच. डोळ्यांवर चष्मा लावा, स्प्रे उलटा उडतो. पायलट स्क्रू काढण्याआधी तो हलक्या हाताने आत फिरवून किती आटे जातात ते मोजून लिहून ठेवा, परत तेवढाच उघडायचा. दोन-तीन कार्बोरेटर असतील तर सगळे एकत्रच साफ करा, एकच साफ केला तर सिलिंडरमध्ये फरक राहतो. कार्बोरेटर आणि ब्लॉकमधलं पॅकिंग जुनं असेल तर तिथूनही हवा जाते आणि स्लोवर अगदी असंच वर-खाली होतं, म्हणून पॅकिंग नवीन टाका.

करंट

प्लग काढून बघा, कुठला कुठल्या सिलिंडरचा ते लक्षात ठेवून. फिकट तपकिरी म्हणजे छान. पांढराफटक, फोड आल्यासारखा म्हणजे पेट्रोल कमी नाहीतर इंजिन गरम. काळा ओला म्हणजे तिथे जळतच नाहीये. प्लग मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या नंबरचाच घ्या, रेझिस्टरवाला सांगितला असेल तर रेझिस्टरवालाच.

किल स्विचची दोरी ओढून, क्लिप हलवून बघा. लाटेच्या दणक्याने इंजिन क्षणभर कट होत असेल तर हा स्विच आणि त्याच्या वायरी आधी. खाऱ्या हवेत कनेक्टरच्या आत हिरवा गंज येतो, सुटा करून साफ करा, परत लावताना डायइलेक्ट्रिक ग्रीस. कॉइल थंड असताना ठीक आणि तापल्यावर फेल अशी जाते, म्हणून जेटीवर थंड इंजिनला ठिणगी मस्त दिसली म्हणून कॉइलला क्लीन चिट देऊ नका, त्रास सुरू झाल्यावर लगेच चेक करा. ठिणगी बघायला साधा स्पार्क टेस्टर घ्या. प्लगची टोपी हातात धरून बघायची सवय सोडा, सीडीआयचा (ठिणगी तयार करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक बॉक्सचा) झटका जबरदस्त असतो आणि बोट ओली असते. टोपी काढून मोकळी ठेवून इंजिन फिरवलं तरी कॉइल आणि सीडीआय जाऊ शकतात.

एकच सिलिंडर सारखा मरत असेल आणि प्लग, कॉइल बदलूनही तसंच राहिलं तर कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, बघून घ्या. आकड्यापेक्षा सिलिंडरमधला फरक महत्त्वाचा, १०-१५ टक्क्यांपेक्षा जास्त फरक असेल तर आतलं काम आहे.

पाणी आणि पंखा

इंजिन थंड करून मागून बाहेर पडणारी पाण्याची धार रोज बघायची. बारीक झाली की आधी बंद इंजिनमध्ये नायलॉनचा धागा त्या भोकात घालून बघा, मीठ-वाळू अडकलेली असते. तरी बारीकच, तर खालच्या जाळीत प्लास्टिक पिशवी, नाहीतर इंपेलर, म्हणजे पाणी खेचणाऱ्या पंपातली रबरी चक्री. वाळूच्या उथळ पाण्यात रोज चालणाऱ्या बोटीचा इंपेलर दर सीझनला बदलावा, आणि इंजिन पाण्याशिवाय काही सेकंदही चालवू नये, रबराची पाती लगेच जळतात.

पंख्याचा बुश सरकतोय का बघायला इंजिन बंद करून, किल स्विचची दोरी काढून, पंख्याच्या आतल्या भागापासून बाहेरच्या भागापर्यंत एक सरळ रेघ मार्करने मारा. एक फेरी मारून या. रेघ तुटून पुढे-मागे झाली तर बुश गेला. पंखा काढलाच आहे तर शाफ्टला गुंडाळलेला नायलॉनचा दोरा कापून काढा, तोच सील कापतो, आणि मग गिअर ऑइल दुधासारखं होतं. पाती वाकलेली, तुटलेली, बोटीच्या तळाला शिंपले-शेवाळ, मागे सगळे प्रवासी बसलेले, यानेही बोट ओढ घेत नाही. इंजिनच्या पायावर, पंख्याच्या वर असलेली आडवी प्लेट बोटीच्या तळाच्या पातळीत किंवा इंचभर खाली हवी, वर असेल तर वळताना पंखा हवा खातो आणि आरपीएम उडतो.

एक कमी माहीत असलेली गोष्ट: इंजिनचं कव्हर काढल्यावर त्रास जात असेल तर आत एक्झॉस्ट गळतोय नाहीतर कव्हरची हवेची वाट बुजलीय. ही टेस्ट करताना फ्लायव्हील (इंजिनवरचं फिरणारं जड चाक) उघडं असतं, सैल कपडे, गळ्यातला टॉवेल, केस, सगळं लांब.

ईएफआय असेल तर

बल्ब, टाकी, पाइप, फिल्टर सगळं वरच्यासारखंच. त्याच्या पुढे इंजिनवर व्हेपर सेपरेटर (पेट्रोलमधली वाफ वेगळी करणारी) टाकी असते, तिच्यातला फिल्टर आणि हाय प्रेशर पंप. उन्हात इंजिन बंद करून अर्धा तास टुरिस्टना डॉल्फिन दाखवत थांबलात आणि परत चालू केल्यावर पाच मिनिटं अडखळलं तर तापलेल्या पेट्रोलची वाफ होतेय. बॅटरीकडेही बघा, ईएफआयला व्होल्टेज पडलेलं चालत नाही. बंद असताना १२.६ च्या आसपास आणि चालू असताना साधारण १३.५ ते १४.५ दिसलं पाहिजे, टर्मिनल हाताने घट्ट न करता पान्याने. सेन्सरचा दोष असेल तर कंपनीच्या टूलशिवाय अंदाजाने पार्ट बदलू नका, फार महाग पडतं.

मेकॅनिकला काय सांगायचं

"इंजिन नीट चालत नाही" एवढंच सांगितलं तर तो कार्बोरेटर उघडणारच, त्याचाही दोष नाही. थंड की गरम, किती वेळाने, कुठल्या स्पीडला, हळूहळू की एकदम, बल्ब दाबल्यावर काय झालं, दुसऱ्या टाकीवर काय झालं, हे सांगा. शक्य असेल तर त्रास होत असताना मोबाइलवर आवाजासकट व्हिडिओ घ्या. आणि ट्रायल पाण्यात, लोडवरच घ्यायला सांगा. ड्रममध्ये नाहीतर पाइप लावून स्लोवर चालवलेलं इंजिन जवळपास नेहमीच चांगलं वाटतं.

पावसाळ्याआधी

ऑगस्टमध्ये येणाऱ्या या तक्रारींचं मूळ मे महिन्यात असतं. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, वॉटर स्पोर्ट्स तर त्याहून जास्त काळ बंद, आणि इंजिन तेवढे महिने कार्बोरेटरमध्ये पेट्रोल ठेवून कोपऱ्यात उभं. ते उडून जातं आणि मागे चिकट थर राहतो. म्हणून शेवटच्या दिवशी गोड्या पाण्यावर फ्लश करा, पाणी चालू असतानाच टाकीचा पाइप सोडा आणि कार्बोरेटरवाल्या इंजिनला बाऊल रिकामा होईपर्यंत स्लोवर चालू द्या, मग ड्रेन स्क्रूने उरलेलं काढा. प्लग काढून फॉगिंग ऑइल (आतून गंज चढू न देणारा स्प्रे) मारा, हाताने दोन-चार वेळा फिरवा. टाकी रिकामी करून, कोरडी करून, झाकण घट्ट लावून घरात ठेवा, उरलेलं पेट्रोल, ऑइल मिक्स नसेल तर, गाडीत वापरून टाका. इंजिन उभंच ठेवा म्हणजे आतलं पाणी निथळतं. गिअर ऑइल आत्ताच बदला, नारळी पौर्णिमेनंतर नाही, कारण आत पाणी शिरलेलं असेल तर दोन महिन्यांत ते बेअरिंग खातं.

आणि बोटीत कायम ठेवायची पिशवी: दोन प्लग आणि प्लग पाना, कनेक्टरची ओ-रिंग, तयार बल्ब-पाइप क्लॅम्पसकट, इंजिनवरचा फिल्टर, किल स्विचची स्पेअर दोरी, पंख्याची पिन आणि कॉटर पिन, पकड, स्क्रू ड्रायव्हर, पाण्यात चालणारा टॉर्च. वल्हं आणि नांगर त्या पिशवीत मावत नाहीत, पण ते बोटीत नसतील तर निघूच नका.